गाजराची खुंटी

“ही कुठली खोली?” जमिनीवर खडूने आखलेल्या चौकोनात उभी राहून मी विचारलं.

“स्वयंपाकघर!” सगळी पोरं एका सुरात ओरडली.

“शाब्बास. स्वयंपाकघरात काय करायचं?”

“आत जायचं नाही!”

मी कपाळाला हात लावला आणि शेजारच्या चौकोनात गेले. “बरं, ही न्हाणी. इथे काय करायचं?”

“रांग लावायची!”

“आणि ही बाहेरची खोली. घरी पाहुणे आले की इथे बसतात. मग आपण काय करायचं?”

“गाणं म्हणायचं!” पोरं म्हणाली. मागून एकाने भर घातली, “आणि बिस्किटं दिली की थँक्यू म्हणायचं.”

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. मी तेव्हा मिरजेजवळच्या एका शिशुगृहात बालवाडी घेत असे. आईबाप नसलेली किंवा असून नसल्यासारखी मुलं तिथे असायची, तान्ह्यापासून सहा वर्षांपर्यंतची. घर म्हणून काही त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. झोपायला एक लांबलचक हॉल, जेवायला दुसरा, आणि उकळती पातेली असतात म्हणून जाळीचं दार लावून घेतलेलं स्वयंपाकघर. देणगीदार आले की पुढच्या खोलीत ओळीने उभं राहून गाणं. तेव्हा पोरांची उत्तरं चुकली असं म्हणायची सोय नव्हती. तरीही मी चिडले, कारण मला चिडायला फार लागत नाही.

“घरात रांग नसते रे बाबांनो! घरात माणसं असतात तीन नाहीतर चार. रांग कुणाची लावणार?”

पोरं माझ्याकडे बघत राहिली. चार माणसांची न्हाणी त्यांना काही पटेना. सगळ्यांत शेवटी चैताली उभी होती, खडूच्या रेघेवर पाय पडू नये म्हणून फ्रॉक आवरून. हा सगळा खटाटोप खरं तर तिच्यासाठी चालला होता.

चैत्रात आली म्हणून चैताली. पाचेक वर्षांची, सावळी, भुवया दाट, बोलणं कमी. आदल्या वर्षी एक जोडपं तिला दत्तक घ्यायचं म्हणून घेऊन गेलं होतं. कोर्टाचा कागद व्हायला वेळ लागतो, तोवर मूल त्यांच्याकडे राहतं, अशी पद्धत. महिना भरायच्या आत त्यांनी तिला परत आणून सोडलं. “मुलगी वाईट नाही हो, पण हट्टी आहे. घरातलं काही म्हणून घेत नाही. जीवच लावत नाही,” असं त्या बाई रुमालाने डोळे पुसत सांगत होत्या. चैताली तोवर सरळ हॉलमध्ये गेली आणि आपला टॉवेल आपल्या खुंटीवर अडकवून आली.

या खुंट्यांचं सांगायला हवं. वाचता न येणाऱ्या पोरांना नंबर देऊन काय उपयोग, म्हणून आमच्याकडे प्रत्येकाला एक चित्र असे. कुणाला पतंग, कुणाला मासा, कुणाला छत्री. ताटाच्या आणि पेल्याच्या बुडाला ऑइलपेंटने, टॉवेलच्या कोपऱ्याला दोऱ्याने, खाटेच्या कठड्यावर, खुंटीच्या वर. एकदा खरजेची साथ येऊन सगळी पोरं खाजवून खाजवून बेजार झाली होती, तेव्हा ही पद्धत मीच सुरू केली होती आणि मला तिचा भारी अभिमान होता. दुसऱ्याच्या टॉवेलला किंवा ताटाला कुणी हात लावलेला दिसला की माझा आवाज फाटकापर्यंत जायचा. जेवणाची घंटा झाली की पोरं ढिगातली ताटं उलटी करकरून आपलं शोधायची. त्या खणखणाटाने नव्या माणसाचे कान किटायचे, मला मात्र भूक लागायची.

चैतालीचं चित्र गाजर. गाजराची कोशिंबीर असली की ती ताट पुढे सरकवायची. “मी मला कशी खाऊ?” असं तिने एकदा अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

मूल कायमचं गेलं की त्याचं चित्र पुढच्या नव्या मुलाला द्यायचं, हा नियम. पहिल्या वेळी ती गेली तेव्हा मी चालढकल करून गाजर कुणालाच दिलं नव्हतं. परत आल्यावर खुंटी तिची वाट बघत होती. बरं झालं दिली नाही, असं मला तेव्हा वाटलं.

आता इचलकरंजीचं तोडकर जोडपं आलं होतं. दोघांनी तिला दोन-तीनदा भेटून पसंत केलं होतं. आमच्या अधीक्षक ओगलेबाईंनी मला खोलीत बोलावून घेतलं.

“शैलाबाई, हिला घर शिकवा,” त्या म्हणाल्या. “कुठल्या खोलीत काय करतात, काय कुठे ठेवतात, स्वच्छता कशी राखतात, सगळं. मागच्यासारखं व्हायला नको. सहा पूर्ण झाली की तिला मोठ्या मुलींच्या आश्रमात पाठवावं लागेल. तिथून दत्तक कोण नेतंय? ही शेवटची संधी समजा.”

मग काय, मी पदरच खोचला. अडगळीची खोली रिकामी करून घेतली. एका कोपऱ्यात रॉकेल काढून टाकलेला स्टोव्ह, एका कोपऱ्यात बादली आणि तांब्या, दाराशी पायपुसणं. जेवणाच्या हॉलमधून पोरांची ताटं-पेले आणले, टॉवेल आणले, एक खाटही ओढून आणली. बघायला येणारा म्हणायचा, अगदी घर वाटतंय.

चैताली ते घर घोटून पाठ करत होती. चपला बाहेर. पाय धुवायचे, पायपुसण्याला पुसायचे. माठावर झाकण, ओगराळं लटकवायचं, माठात हात बुडवायचा नाही. खरकटं एका जागी काढायचं. अंघोळ झाली की न्हाणीत पाणी ओतून साबणाचा फेस घालवायचा. संडासात दोन तांबे जास्त. उठलं की अंथरुणाची घडी. मी विचारायचा अवकाश, की ती करून दाखवायची, आणि झालं की आपण उभ्या होतो ती फरशीसुद्धा पुसून घ्यायची.

“अगं, फरशी कशाला पुसतेस?”

“दुसऱ्यांना स्वच्छ पाहिजे ना.”

मला ते ऐकून काय अभिमान वाटला म्हणून सांगू! ओगलेबाईंना मी छातीठोकपणे म्हटलं, “आता कुणाच्याही घरी पाठवा. सुनांना लाजवील.”

तोडकर तिला घेऊन गेले त्या दिवशी मी हॉलमध्ये जाऊन गाजराच्या खुंटीखाली उभी राहिले. नवीन एक मुलगी आली होती, श्रावणी नावाची, जेमतेम तीन वर्षांची. तिला अजून चित्र दिलेलं नव्हतं. तिच्या ताटाला मी तात्पुरती दोऱ्याची खूण बांधली होती, ती रोज सुटायची आणि पोर रोज रडायची.

“गाजर रिकामं आहे की,” ओगलेबाई म्हणाल्या.

“देते, देते. घाई काय आहे?”

“शैलाबाई, तुमचा विश्वास नाही का ती तिथे राहील यावर?”

मी फिनेलची बाटली उचलली आणि भलतीकडेच निघून गेले.

आठवडा-दहा दिवस झाले असतील. बालवाडी सुटायच्या वेळी ओगलेबाईंच्या खोलीतला फोन वाजला. तोडकर एसटीडी बूथवरून बोलत होते, बायको शेजारी होती. त्यांनी फोन तिच्याकडे दिला आणि ओगलेबाईंनी माझ्याकडे.

“बाई, पोरगी आमच्या घरात पाणीसुदीक पिईना झालीया,” वैजयंता तोडकर रडतच बोलत होती. “तहान लागली की अंगणातल्या नळाला जाती आन् ओंजळीनं पिती. ताट वाढून पुढं ठेवलं तर बघत बसती. चपातीची गुंडाळी हातात दिली तरच खाती. खाटंवर झोपत न्हाई. टावेल दिला तर घडी घालून ठेवती आन् आपल्या जुन्या फ्रॉकनं अंग पुसती. जिथं बसंल तिथली फरशी पुसून उठती. आमी काय परके हाय का ओ तिला?”

“मारता-बिरता का तिला?” मी विचारलं. मला असं विचारायला नको होतं, पण जिभेला हाड नाही माझ्या.

“देवाशपथ न्हाई ओ बाई!” ती हुंदका देऊन म्हणाली. “तिला आमचं घर किळसवाणं वाटतंय. भांडी उलटी करकरून बघती, आन् तशीच ठेवती. मी चिंचंनं घासून लख्ख केली, तरी बघती आन् ठेवती. आता मला माझंच घर घाण वाटाया लागलंय.”

फोन ठेवल्यावर ओगलेबाई बराच वेळ टेबलावरची काच पुसत बसल्या. काच स्वच्छच होती.

“उद्या जाऊन या,” त्या म्हणाल्या. “बघा काय आहे ते. जमणारच नसेल तर घेऊन या तिला. ओढाताण करून दोन्हीकडचे जीव कशाला पोळायचे?”

दुसऱ्या दिवशी मी इचलकरंजीच्या एसटीत बसले तेव्हा माझ्या मांडीवर एक रिकामी पिशवी होती. तिचे कपडे आणायला. वाटभर मी त्या पिशवीच्या बंदांना गाठी मारत होते आणि सोडत होते. एवढं सगळं शिकवलं, आणि पोरगी पाण्याला शिवत नाही म्हणजे काय! तोडकरांचा राग येत होता, चैतालीचा येत होता, आणि कुणाचा नाही तर त्या कंडक्टरचा येत होता, कारण तो हसून बोलत होता.

तोडकरांचं घर यंत्रमागाच्या शेडच्या मागच्या बाजूला होतं. तोडकर त्याच शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग बिघडले की दुरुस्त करणारे. मागांची खटखट भिंतीतून येत होती, तिला खंड म्हणून नव्हता. तीन लहान खोल्या, हिरवं दार, दारात तगर. घर इतकं स्वच्छ, की मी आपोआप चपला सरळ लावून ठेवल्या.

चैताली दारातच होती. मला बघून धावत आली नाही. जवळ येऊन हळूच विचारलं, “बाई, माझं गाजर कुणाला दिलं?”

“कुणाला देईन मी? तुझंच आहे ते,” मी तिचा गाल ओढत म्हटलं. “खुंटी तशीच रिकामी आहे.”

तिने मान हलवली आणि घरात गेली. तिच्या चेहऱ्यावर जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं, आणि मलाही बरं वाटलं.

वैजयंता पदराने हात पुसत बाहेर आली. पस्तिशीची, हाडकुळी, डोळे सुजलेले. तोडकर मागाचं काम दुसऱ्यावर टाकून आले होते, अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले. दोघं माझ्यासमोर शाळेत बोलावलेल्या पालकांसारखी उभी राहिली.

“चैताली, मला घर दाखव बघू,” मी म्हटलं.

तिने दाखवलं. काय दाखवलं! ही बाहेरची खोली, इथे पाहुणे बसतात, चपला आणायच्या नाहीत. हे स्वयंपाकघर, इथे हात धुऊन यायचं, माठावर झाकण. ही न्हाणी, फेस राहू द्यायचा नाही, घसरतं. ही झोपायची खोली. तिथे एक नवी कोरी छोटी खाट होती, फुलाफुलांची चादर घातलेली. चादरीला एक सुरकुती नव्हती. खाटेच्या शेजारी जमिनीवर तिचा जुना फ्रॉक घडी करून ठेवलेला होता, उशीसारखा.

“खाट कुणाची गं?” मी विचारलं.

तिने खांदे उडवले.

“तुझीच की गं, सोन्या!” वैजयंता मागून म्हणाली. “किती येळा सांगितलं, हे सगळं तुझंच हाय म्हणून. खाट तुझी, ताट तुझं, घर तुझं. सगळं तुझं!”

चैताली तिच्याकडे नुसती बघत राहिली. कुणीतरी आपली थट्टा करतंय हे कळल्यावर मुलं बघतात तशी.

आम्ही स्वयंपाकघरात येऊन बसलो. मला खरंच तहान लागली होती. “चैताली, मला पाणी दे बघू.”

ती फळीपाशी गेली. स्टीलचे पेले ओळीने पालथे मांडलेले होते. तिने एक उचलला, बूड बघितलं, ठेवला. दुसरा उचलला, बूड बघितलं. त्याच्यावर सुईच्या टिंबांनी नाव घातलेलं होतं, लग्नात मामांकडून भेट वगैरे. त्या टिंबांवरून तिने बोट फिरवलं आणि तोही ठेवला. मग तिसरा.

“बघितलं का?” वैजयंता माझ्या कानाशी कुजबुजली. तिचा आवाज फुटायच्या बेतात होता. “रोज हेच. घाण हाय का बघती. तुमीच शिकवलं असंल न्हवं, भांडी बघून घ्यायची म्हणून?”

“असं कुठं शिकवतेय मी? भांडं बघायचं तर आतून बघेल. बुडाला काय...”

आणि मी बोलता बोलता थांबले. मागांची खटखट चालूच होती, पण मला ऐकू येत होता तो आमच्या हॉलमधला खणखणाट. घंटा झाली की ताटं उलटी करणारी ती पोरं. आपलं सापडेपर्यंत कशालाही हात न लावणारी, कारण लावला की मी ओरडणार. अडगळीच्या खोलीतल्या त्या घरात मी हिला सगळं शिकवलं होतं, पण ताट हॉलमधलं होतं, टॉवेल हॉलमधला होता, खाटसुद्धा हॉलमधली. तिच्या प्रत्येक वस्तूवर गाजर होतं.

“चैताली,” मी म्हटलं, “काय शोधतेस गं तू?”

तिने चौथा पेला उचलला.

“गाजर?”

तिने माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “सगळीकडं बघितलं. इथं माझं काहीच नाही.”

 म्हणजे त्या आधीच्या घरातही ही पोर महिनाभर ताटं उलटी करत फिरली असणार. महिनाभर ओंजळीने पाणी प्यायली असणार. आणि हट्टी, जीव न लावणारी, असा शिक्का घेऊन परत आली. मी तिथे बसून ढसाढसा रडले. चैताली घाबरली आणि तिने माझ्यापुढची फरशी पुसायला घेतली.

तोडकर दोघंही गोंधळून माझ्याकडे बघत होते. मी नाक पुसलं आणि त्यांना सगळं सांगितलं. खरजेची साथ, चित्रं, खुंट्या, गाजर.

“अरं देवा,” तोडकर खाली बसले. “म्हंजे तिला आमची किळस न्हवं.”

“किळस कसली! तुमच्या वस्तूला हात लावला तर तुम्ही ओरडाल, असं वाटतंय तिला.” मग मी चैतालीला जवळ ओढलं. “हे बघ, घरात ना, चित्रं नसतात. घरात सगळं सगळ्यांचं असतं. कुठल्याही पेल्याने पाणी प्यायचं.”

चैतालीने विचार केला. “मग माझं कुठलं?”

“सगळं.”

“त्यातलं माझं कुठलं?”

 सगळं तुझं म्हणजे काहीच तुझं नाही, हे तिचं गणित होतं, आणि ते मोडायचं कसं मला कळत नव्हतं.

वैजयंता ताडकन उठली. “अहो, दाराचा हिरवा रंग ऱ्हायलाय न्हवं डब्यात?”

“हाय की. पर तांबडा?”

“शेडमदनं आणा की! लोखंडाला मारताय न्हवं त्यो, रेड आक्साइड.”

तोडकर पळत गेले आणि पळतच आले, वाटीत तांबूस रंग घेऊन. ब्रश मोठा होता, म्हणून वैजयंताने काडेपेटीतल्या काडीला कापूस गुंडाळला. तिने एक ताट पालथं घातलं, मांडी ठोकून बसली आणि जीभ बाहेर काढून चित्र काढायला लागली. बाईने आयुष्यात रांगोळीच्या ठिपक्यांपलीकडे काही काढलेलं नसावं. लांबट, वाकडं, टोकाला बारीक असं काहीतरी झालं आणि वर हिरवं शेपूट.

चैताली वाकून बघत होती. “ही मिरची आहे,” ती म्हणाली.

“मिरचीच झाली की गं!” वैजयंता म्हणाली.

आणि चैताली हसली. मी तिला वर्षांनुवर्षं ओळखत होते, पण ती अशी खुदकन हसलेली मला आठवत नाही. “गाजर जाड असतंय,” ती म्हणाली आणि वैजयंताच्या हातातली काडी काढून घेतली. “असं. पोट असतंय त्याला.”

मग दोघींनी मिळून मिरचीचं गाजर केलं. एक पेला केला. वाटी केली. खाटेच्या पायाला केलं, तिथे चैतालीने तोडकरांना दिवा धरायला लावला, कारण खाटेखाली अंधार होता. भिंतीला एक खिळा होता, तो तिचा ठरला, त्याच्या वर सगळ्यांत मोठं गाजर. टॉवेलला दोऱ्याने नंतर काढायचं ठरलं. मी त्यात काही केलं नाही. नुसती फडक्याने सांडलेले थेंब टिपत होते, सवय जात नाही म्हणून.

वैजयंताने ताट, पेला, वाटी उन्हात ठेवली आणि रंग वाळेपर्यंत हात लावायचा नाही, असं सांगितलं. चैताली ताटासमोर बसून राहिली. थोड्या वेळाने उठली, काडी परत वाटीत बुडवली आणि वैजयंतापुढे येऊन उभी राहिली.

“हात.”

“काय गं?”

“हात दे.”

वैजयंताने हात पुढे केला. चैतालीने तिच्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि मनगटाच्या वर, जरा खडबडीत कातडीवर, अगदी सावकाश एक गाजर काढलं. पोट असलेलं. हिरवा तुरा काढला. मग फुंकर मारून वाळवत बसली.

वैजयंताने तो हात तसाच धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला तिने तो हात हलवला नाही. तोडकर म्हणाले, “आन् मला गं?” त्यांनाही मिळालं, पण घाईघाईत, मिरचीसारखं.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. वैजयंताने पंक्तीला ताटं मांडली. चैतालीने आपलं ताट उचललं, उलटं करून बघितलं, सरळ ठेवलं आणि पहिला घास घेतला. आमटी-भात होता, सोबत गवारीची भाजी. तिने दोनदा भात मागून घेतला. मधूनच पेला उचलून बूड बघायची आणि पाणी प्यायची.  मला आयुष्यात जेवण इतकं गोड लागलं नसेल.

निघताना मी पिशवी उचलली. ती घडी करून काखेत मारली तेव्हा वैजयंताने ती बघितली. ती कशासाठी आणली होती हे तिला कळलं असावं. तिने माझ्या पिशवीत तगरीची फुलं आणि शिल्लक राहिलेल्या दोन चपात्या घातल्या. रिकामी पिशवी परत पाठवू नये म्हणून.

चैताली मला दारापर्यंत सोडायला आली. मी चपला घालत असताना तिने विचारलं, “बाई, तिकडची खुंटी रिकामीच आहे ना?”

मी चटकन हो म्हणणार होते. सकाळी मी तेच तर म्हटलं होतं. तिकडे तुझी खुंटी आहे, म्हणजे तिकडे तुझी जागा आहे, म्हणजे इकडे तू पाहुणी आहेस. तिला धीर द्यायला म्हटलेलं ते वाक्य तिच्या पायातली बेडी होतं, आणि ते आता मला उमगलं होतं. खरं तर माझाच जीव गुंतला होता त्या खुंटीत.

“आहे,” मी म्हटलं. “पण एक श्रावणी म्हणून बारकी आली आहे. तिला चित्रच नाही. ताटाला दोरा बांधते मी, तो सुटतो, मग ती रडते.”

चैतालीने वळून घरात बघितलं. भिंतीवर ते मोठं गाजर अजून ओलं चमकत होतं. स्वयंपाकघरात वैजयंता एका हाताने भांडी आवरत होती, दुसरा हात अंगापासून लांब धरून.

“तिला द्या,” चैताली म्हणाली. मग जरा विचार करून, मोठ्या माणसाच्या सुरात, “पण तिला सांगा, ताटाच्या खाली बघायचं असतंय. वर काही नसतंय.”

“सांगते हं,” मी म्हटलं आणि स्टँडचा रस्ता धरला. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण कोपऱ्यावर वळलेच. ती दारात नव्हती. आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं उठायच्या आधी मी हॉलमध्ये गेले. श्रावणीचा टॉवेल घेतला, त्याच्या कोपऱ्याला नारिंगी आणि हिरव्या दोऱ्याने गाजर काढलं आणि रिकाम्या खुंटीला अडकवलं. ओगलेबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

“दिलंत शेवटी?” त्या म्हणाल्या.

“मी नाही दिलं,” मी म्हटलं. “जिचं होतं तिने दिलं.”

मग घंटा झाली आणि पोरं ताटांच्या ढिगावर तुटून पडली. श्रावणी एका बाजूला दोरा शोधत उभी होती. मी तिला उचलून ढिगापाशी नेलं आणि तिच्या हातात एक ताट पालथं करून दिलं.